फोल्डेबल फोनचा डिस्प्ले घडीवर तडकूनही 'बाह्य दाब' म्हणून वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या बेळगावच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने माझ्या फोनच्या जॉब कार्डवर 'बाह्य दाबामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही' असा शेरा मारून फोन परत केला. हा शेरा मला मान्य नाही. काउंटरवरच्या मुलाला ऐकून घ्यायला सवड नव्हती, म्हणून सगळं लेखी कळवतो.

माझं उद्यमबागेत पत्रा बेंडिंगचं वर्कशॉप आहे. पत्रा वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि मधला एक थर ना ताणला जातो ना दबतो. त्याला आम्ही न्यूट्रल ॲक्सिस म्हणतो. निम्म्या जाडीला घडीच्या त्रिज्येने भागलं की बाहेरच्या कडेवर किती ताण येतो ते कळतं. तुमच्या डिस्प्लेलाही हाच हिशेब लागतो.

तुमच्या माहितीपत्रकात घडीची त्रिज्या १.५ मिमी दिली आहे. ०.०५ मिमी जाडीची नुसती पॉलिइमाइडची फिल्म तेवढ्यावर वाकवली तर ताण १.७ टक्क्यांच्या आसपास येतो. प्लास्टिक तो सहज सोसतं. पण त्या प्लास्टिकवर ओलावा अडवणारे आणि वीज वाहून नेणारे जे ठिसूळ थर असतात, सिलिकॉन नायट्राइड किंवा इंडियम टिन ऑक्साइडसारखे, ते साधारण १ ते २ टक्के ताणालाच तडकू लागतात. म्हणून ते न्यूट्रल ॲक्सिसजवळ बसवतात आणि थरांच्या मधे मऊ गम घालतात, म्हणजे प्रत्येक थर थोडा सरकून आपापला वाकतो. तेच थर कडक गमने एकजीव झाले आणि एकूण जाडी ०.३ मिमी धरली, तर कडेचा ताण १० टक्क्यांवर जातो. तुमच्या डिझाइनबद्दल माझी तक्रार नाही. ज्याने ते केलं त्याला बेंडिंग कळतं.

तक्रार आहे ती डिस्प्लेवर नंतर लावलेल्या संरक्षक फिल्मबद्दल. कंपनीतून आलेली फिल्म घडीपाशी सुटू लागली, तेव्हा तुमच्याच सेंटरने ती काढून दुसरी लावली. त्यानंतर थोड्याच दिवसांत घडीवर रेघ दिसू लागली. दोन्ही फिल्म मी मागून घेतल्या आहेत. मायक्रोमीटरवर जुनी ०.१० मिमी भरते, नवी ०.२१. जुनीचा गम अजून बोटाला चिकटतो, नवीचा नखाने खरवडला तर भुगा पडतो. ही फिल्म घडीच्या आतल्या बाजूला येते. तिथे जाड, ताठ थर आला की न्यूट्रल ॲक्सिस त्याच्याकडे सरकतो आणि खालचे ठिसूळ थर ताणाच्या बाजूला जातात.

भिंगाखाली पाहिलं तर तडा घडीला समांतर, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ आहे. दाबाने फुटलं असतं तर एका जागी ठिपका पडून चिरा चहूकडे फाकल्या असत्या. काढलेल्या फिल्मवरही साधा ओरखडा नाही. मग हा बाह्य दाब आला कुठून?

हेल्पलाइनने मला आधी हुबळीला जायला सांगितलं. तिथून कोल्हापूरला पाठवलं. कोल्हापूरवाले म्हणाले, बिल कर्नाटकातलं आहे, बेळगावलाच जा. दोन्ही गावं इथून शंभरेक किलोमीटरवर. सीमाभागातल्या माणसाला हा खेळ नवा नाही, पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसाठी तरी तो खेळायला लावू नका.

डिस्प्ले विनामूल्य बदलून द्यावा आणि त्यावर मूळ जाडीचीच फिल्म लावावी. खोक्यावर २ लाख घड्यांची चाचणी छापली आहे. ती फिल्मसकट केली की फिल्मशिवाय, आणि सेंटरमध्ये लावतात ती फिल्म त्या चाचणीत होती का, एवढं लेखी कळवावं. उत्तर मराठीत दिलंत तर उत्तम, इंग्रजीही चालेल.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो तिथे दावा दाखल करता येतो, त्यामुळे तिथे तरी मला हुबळी-कोल्हापूर करावं लागणार नाही.

बिल, जॉब कार्ड आणि तड्याचे भिंगातून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. दोन्ही फिल्म माझ्याकडेच ठेवल्या आहेत. तुमच्या इंजिनिअरला मोजायच्या असतील तर वर्कशॉपवर यावं, मायक्रोमीटर इथेच आहे.

आपला,
एक ग्राहक
उद्यमबाग, बेळगाव