भट्टीतला घोळ

माय, काल फोनवर तू रडायलीस, त्यात रेंज तसली, मला धड बोलताच आलं नाही म्हणून आता लिहायलोय. लाईट गेलीय, मोटर बंद, बांधावर बसून टाईप करायलोय, चुकलं तर समजून घे.

तुझं म्हणणं, टेस्टमध्ये 25 ग्रॅम चुनखडी पूर्ण तापवली तर किती उरंल असं आलं आन तू 25 च लिहून आलीस, कारण सर म्हणले होते वस्तुमान कमी होत नाही. सर बरोबरच हायेत गं, पण सगळं बंद डब्यात धरलं तर. भट्टीचं तोंड उघडं असतंय.

तुझे आजोबा चुन्याच्या भट्टीवर हिशोबाला होते हे तुला माहितीय, पण त्यांच्यावर चोरीचा आळ आला होता हे कुणी सांगितलं नसंल. झालं असं की दगड वजन करून आत जायचा, एक थर दगड एक थर कोळसा, खालून जाळ, आन तीनचार दिवसांनी चुना काढला की वजन जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं कमी. मालक नवा होता, म्हणला माल रात्री बाहेर जायलाय, आन आजोबांची पंधरा दिवसाची मजुरी कापली. आजोबा भांडले नाहीत. बैलाच्या वशिंडासारखा एक दगड हुडकला, मालकासमोर तोलला, पाच किलो भरला, भट्टीत घातला. निघाला तेव्हा आकार तोच, वशिंड तसंच, पण हातात घेतला की फुसका, सव्वातीन किलो! मालकानं दोनदा तोलून बघितला, बोलला काहीच नाही. मजुरी पण परत दिली नाही, ते सोड.

गेलं कुठं? हवेत. साधारण 900 अंशाला चुनखडीतलं कॅल्शियम कार्बोनेट फुटतंय, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, खाली कळीचा चुना राहतो. शुद्ध असंल तर 100 ला 56 चुना आन 44 वायू. आपल्या रानातली चुनखडी मातीमिश्रित, म्हणून आजोबांचा आकडा पुस्तकातल्यासारखा आला नाही. तो वायू हवेपेक्षा जड, शिवाय कोळशाचा धूर, झोपलेल्या माणसाचा जीव गुदमरतो, म्हणून थंडीत ऊब लागती म्हणून भट्टीजवळ झोपायचं म्हणलं की आजी काठी घेऊन यायची.

आन गरम केलं की सगळं फुटतं असं पण लिहून येऊ नको. मीठ 801 अंशाला नुसतं वितळतं, थंड झालं की परत मीठच. खायचा सोडा मात्र तव्यावर पण फुटतो, पाणी आन तोच वायू सोडतो, उरतो तो धुण्याचा सोडा, म्हणून जास्त पडला की भजी साबणासारखी लागतात (तुझ्या आईला सांगू नको मी लिहिलंय म्हणून).

जुन्या माळवदाच्या घराला चुना मारायचो तेव्हा कळी पाण्यात टाकली की ड्रम खदखदायचा, जवळ जाऊ द्यायचे नाहीत. भिंतीला टेकलं की पाठ पांढरी. मग महिन्याभरात डाग लागणं कमी व्हायचं, कारण भट्टीतून गेलेला तसलाच वायू हवेतून ओढून घेऊन चुना परत दगड व्हायला लागायचा.

तर तुझं उत्तर 14 ग्रॅम. उरलेले 11 वर गेले. उद्याच्या एसटीनं शेंगदाण्याची चटणी पाठवतोय, क्लास सुटला की स्टँडवर ये.

पप्पा