शिऱ्या, तो आंजर्ल्याचा फोटो

सोलापूर,
माघ शुद्ध दशमी

प्रिय शिऱ्या,

घरी सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीत धरतो, माझी साखर आटोक्यात आहे. पुढे.

तू परवा तुझ्या कोकणातून आपल्या पक्षी टिपणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलेला, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या उडत्या थव्याचा फोटो बघितला. पोरांनी अंगठ्यांचा पाऊस पाडला, मी काहीच लिहिलं नाही. चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हती, आणि फोनवर तू मला मधेच तोडतोस. कागदाला तोडता येत नाही, म्हणून हे पत्र. शांतपणे वाच.

थव्यातला एकूण एक कुरव, म्हणजे सीगल, पाठमोरा आहे बे. नुसत्या शेपट्या आणि पंखांच्या मागच्या कडा, डोळा एकाचाही दिसत नाही. स्वतःच्या मर्जीने उठणारा थवा असा उठत नाही. दोन-चार उठतात, बाकीचे बसून राहतात, कुणी चोचीने पंख साफ करतोय, कुणी एका पायावर डोळे मिटून उभा. तुझ्या फोटोत वाळूवर एक पक्षी शिल्लक नाही. आणि डाव्या कोपऱ्यात खाली ओल्या वाळूचा एक गोळा हवेत आहे, त्याच्याखाली टाचेचा खोल खड्डा. ती पळणारी टाच आहे. कुणाला पळवलंस थव्यावर?

हे ओळखणारा ग्रुपमध्ये दुसरा कुणी नाही, आणि हे मला का टोचलं हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार नाही. उजनीच्या पाण्यावरची कुंभारगावची होडी आठव. तू नावाड्याला इंजिन लाव म्हणालास, मी त्याचा हात धरला. तुझं म्हणणं, रोहित (फ्लेमिंगो) उडाला तरच पंखातला खरा रंग दिसतो. ते बरोबरच होतं. पाण्यात उभा असतो तेव्हा फिकट दिसतो, किरमिजी आणि काळा पंख उघडल्यावरच. पण तो संध्याकाळी आपण होऊन उडतोच, तेवढं थांबायचं असतं. टेंभुर्णीला आपण चहा वेगवेगळ्या टेबलांवर प्यायलो आणि बिल दोघांनीही भरलं. हॉटेलवाला अजून हसतो. तेव्हा वाटलं होतं, विषय तिथे मिटला.

फोटोत थव्याच्या खालच्या अंगाला बारीक ठिपके आहेत ना, ते चिखल्या आणि टिलवे, किनाऱ्यावरचे छोटे पाणपक्षी. त्यांचं घड्याळ समुद्राचं. ओहोटीला ओली वाळू उघडी पडली की त्यातले किडे, बारके खेकडे, गोगलगाई वेचत फिरायचं, मग दिवस असो की रात्र. भरतीने ती जागा झाकली की उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर गोळा होऊन झोपायचं आणि खाल्लेलं पचवायचं. अप्पा गिरणीतून रात्रपाळी करून यायचे तेव्हा दुपारी आपल्याला गल्लीत चेंडूला हात लावायची परवानगी नव्हती. तसंच हे. त्यातून आता माघ-फाल्गुन, म्हणजे परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायचे दिवस. तपकिरी डोक्याचा कुरव इथून उठून पार लडाख-तिबेटच्या पठारावरच्या तळ्यांकडे जातो. प्रत्येक वेळी उठवलं की त्या साठ्यातलं थोडं जळतं. किनाऱ्यावरची कुत्री, वाळूत मोटरसायकली घालणारे पर्यटक हे दिवसभर तेच करतात. त्यात आपण कॅमेरा घेऊन भर घालायची?

माळढोकाचा जिल्हा आहे आपला, शिऱ्या. नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, आणि आज तिथे पक्ष्यापेक्षा त्याच्या नावाची पाटी दिसायची शक्यता जास्त. त्रास देऊन काय होतं हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. तुला पळवावं का लागलं, ते सांगतो. तू दुपारी गेलास. फोटोतल्या सावल्या सांगतात. दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून येतो, आणि पक्षी बसताना, उठताना तोंड वाऱ्याकडे करतो. म्हणजे सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, पाठी तुझ्याकडे. वर सूर्यही समोरून, त्यामुळे पांढरा पक्षी राखाडी दिसतो. अशा वेळी दिवसभर पळवलंस तरी शेपट्याच मिळणार.

सकाळी सगळं उलटं. मतलई वारा जमिनीकडून येतो, सूर्य सुरूच्या बनामागून, तोही तुझ्या पाठीशी. पुळणीवर पाठ गावाकडे करून बसलास की उतरणारा प्रत्येक कुरव, प्रत्येक सुरय (टर्न) वाऱ्याला तोंड देत, म्हणजे सरळ तुझ्याकडे बघत उतरतो, आणि ऊन त्याच्या डोळ्यात. पश्चिमेला तोंड असलेल्या किनाऱ्याचं हे देणं आहे. दहा-साडेदहानंतर वारा पडतो, मग फिरतो. तोवरच खेळ.

वेळ भरतीवरून काढायची. तुझ्या बंदरावरच्या कुठल्याही म्हाताऱ्या कोळ्याला हिशेब विचार: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा, वद्य प्रतिपदेपासून परत पहिल्यापासून. सकाळी तीच, रात्री साधारण तीच. रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा ढोबळ हिशेब आहे, तुझ्या किनाऱ्यावर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल. म्हणून चार दिवस घड्याळ लावून पाण्याची सर्वात वरची रेघ कधी उमटते ते बघून ठेव.

ग्रुप महाशिवरात्रीला जोडून येणार म्हणतोय, म्हणजे माघ वद्य द्वादशी ते चतुर्दशी. यापेक्षा चांगले दिवस काढून मिळायचे नाहीत. भरती सकाळी नऊ ते साडेदहा, आणि अमावास्या तोंडावर असल्याने उधाणाची. पाणी जोरात वर येतं, पक्ष्यांचा पट्टा अरुंद होत जातो, आणि ते आपण होऊन तुझ्याकडे सरकतात. काम समुद्र करतो. तू फक्त आधी जाऊन बसायचं.

भरतीच्या निदान दोन तास आधी जागेवर हवं. आदल्या दिवशीच्या भरतीने टाकलेली शेवाळ-काटक्यांची ओळ शोध आणि तिच्या जरा वर आडवा हो. खाली खताची रिकामी पिशवी, वर जुनी सोलापुरी चादर. नुसती चादर ओल पिते. उभं राहायचंच नाही, सकाळी तुझी सावली लांबलचक पुढे पडते आणि पक्षी माणसाआधी सावलीला बिचकतो. लेन्सखाली कापडी पिशवी घे. इथे मी तिच्यात ज्वारी भरतो, पण तिकडच्या दमट हवेत ज्वारीला बुरशी येते, म्हणून रिकामी ने आणि तिथली कोरडी वाळू दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधून आत घाल. खाडीच्या तोंडाशी जो वाळूचा दांडा आहे त्याच्या टोकावर मात्र कुणालाही बसवू नकोस. उधाणात मागून पाणी भरतं, आणि नजर व्ह्यूफाइंडरला असताना कळत नाही.

जवळ सरकायचंच झालं तर कोपरांवर, तिरकं, मधे मधे थांबत. खाणं थांबलं, माना उंच झाल्या, सगळे एका दिशेने चालायला लागले की आपण जास्त पुढे आलो. तिथेच थांबायचं नाही, थोडं मागे यायचं आणि पंधरा-वीस मिनिटं कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. माना खाली गेल्या की काम चालू. ही खूण पोरांना पहिल्या दिवशी, पहिल्या तासात शिकव. बाकी सगळं नंतर.

आकडे तुला माहीत आहेत, तरी लिहितो, कारण तुझा ऑटोवर फार विश्वास. उडत्या सुरयाला १/२००० च्या खाली जाऊ नकोस, बसलेल्या चिखल्याला १/८०० पुरे. एफ ६.३, कोवळ्या उन्हात आयएसओ ८०० च्या आसपास. मॅन्युअलवर ठेव आणि माप पक्ष्याच्या पांढऱ्यावर घे, कारण थवा गडद पाण्यावरून चकचकीत वाळूवर आला की ऑटो दर फ्रेमला मत बदलतो. मागच्या पडद्यावर पांढरं लुकलुकायला लागलं की एक-दोन टिचक्या खाली. काळ्या पंखातला तपशील नंतर वर काढता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही.

फिल्टरवरून आपलं भांडण संपायचं नाही, पण किनाऱ्यावर माझं ऐक आणि यूव्ही फिल्टर लाव. खारे तुषार काचेवर सुकतात, आणि कोरड्या कापडाने पुसलं की मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी हवेच्या पंपाने वाळू उडव, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी आणि लेन्सचं नळकांडं पूस, मग कोरड्याने. पुळणीवर लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाही. ट्रायपॉडचा सर्वात खालचा भाग थोडा बाहेर काढून मगच वाळूत रोव, म्हणजे लॉक वाळूच्या वर राहतं. घरी आल्यावर पाय उघडून गोड्या पाण्याने धू. पोरं एसीच्या खोलीत उतरणार असतील तर सकाळी कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवायला सांग, नाहीतर काच धुरकटते.

आणि तुझी ती तीनशे मिमीची लेन्स लाकडी कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवली असशील तर आजच काढ. सोलापूरच्या कोरड्या हवेत चाललं, तिकडे चालणार नाही. हवेतली ओल ६५ टक्क्यांच्या वर टिकली की काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि कोटिंग खाते. झाकण घट्ट बसणारा धान्याचा डबा घे, तळाला सिलिका जेल, आत पाचशे रुपयांच्या आतला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मधे ठेव. जेलचा रंग उडाला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं, तो तवा फक्त वेगळा ठेव, वहिनी मला बोल लावतील.

कासवांचं विसरलोच होतो. तुझ्या तिकडे पिल्लं बाहेर यायचा हंगाम आहे. वेळासला २००२ पासून कासवं जपायचं काम चाललंय, तेव्हा तिथले लोक सांगतील तसंच वागायचं. फ्लॅश नाही, पांढरी टॉर्च नाही, पिल्लू उजेडाकडे वळतं. दोरीच्या मागे, आणि पोरांना वाळू तुडवू देऊ नकोस. आपल्या पावलाचा खड्डा त्या पिल्लाला विहिरीएवढा, त्यात पडलं की चढून येण्यात दम जातो. गुडघ्यावर बसून १/५०० ने निघतं.

हर्णैच्या मासळीच्या लिलावाला पोरांना चतुर्दशीच्या संध्याकाळी ने. ओहोटी साडेचारच्या सुमारास, होड्या बाहेर उभ्या, बैलगाड्या पाण्यातून माल आणताना मिळतील. आधी मासळी घ्यायची, मग विचारून फोटो. बोली चालू असताना कोळणीच्या आणि टोपलीच्या मधे उभं राहायचं नाही, तिचा धंदा आहे तो.

शिऱ्या, खरी काळजी त्या एका फोटोची नाही. पोरं तुझं बघून शिकतात. माझं ऐकतात, पण करतात तू करतोस ते. चौदा-पंधरा जणं येणार, प्रत्येकाच्या हातात लांब लेन्स, आणि त्यांच्या डोक्यात तुझा तो फोटो, की आंजर्ल्याला जाऊन असा थवा उडवायचा. ते आले की तू पहिल्या सकाळी स्वतः त्या चादरीवर दोन तास आडवा पड. काही बोलू नकोस, नुसता पडून राहा. आणि तो फोटो ग्रुपवरून काढ. कारण विचारलं तर खरं सांग, नाहीतर मी सांगतो.

चिमीची दहावी यंदाच ना? तिला सांग, काका विचारत होता. क्वार्टर मिळालं का, की अजून भाड्याचंच? बदलीच्या अर्जाचं काय झालं ते कळव. वहिनींना तिकडचा भात मानवतोय का?

कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोरांबरोबर पाठवतो. भाकऱ्या दमट हवेत मऊ पडतात, आल्या आल्या डब्यात घाल. पुण्याहून ताम्हिणीतून यायचं की वरंध्यातून, ते तू ठरव. परवाच्या शुद्ध द्वादशीची भरती तुझ्या घड्याळाने किती वाजता येते ते या पौर्णिमेआधी कळव, वद्य द्वादशीलाही साधारण तीच वेळ, त्यावरून मी गाडी इथून किती वाजता काढायची ते बघतो.

तुझा,
बाळ्या