उद्यमनगरच्या वस्तादांना, इंजिन न उघडल्याबद्दल

वस्ताद,

सप्रेम नमस्कार. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमचा मुलगा वाचतो आणि तो दुपारच्या चहाला हे तुम्हाला वाचून दाखवेल, या भरवशावर लिहिते आहे. तुमचं नाव किंवा गॅरेजची पाटी काही देत नाही. "नाव घालू नका, आधीच कामं हातात मावंनात," असं तुम्हीच बजावलंय. कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर, एवढंच सांगते.

बिल मी त्याच दिवशी दिलं होतं, आणि चहाही तुम्हीच पाजला होतात. तरी हे पत्र लिहायचं कारण म्हणजे तुम्ही माझ्या गाडीचं इंजिन उघडलं नाहीत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. गाडी 2016 सालची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची हॅचबॅक. सेकंड हँड घेतली तेव्हा मीटरवर सत्तर हजारांच्या पुढचा आकडा होता. थंडी पडली तशी सकाळी स्टार्टर मारला की पुढून टकटक सुरू व्हायची, रेस दिली की आणखी जोरात. गाडी तापली की आवाज गायब. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग काढून पाहिला. दोन नंबरचा काढल्यावर आवाज बसला, त्यावरून दोन नंबरचं बिग एंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनची दांडी क्रँकला (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) जोडते तिथलं बेअरिंग, गेलं असं ठरलं. मग इंजिन उतरवा, क्रँक ग्राइंडिंगला पाठवा, खर्च 40 हजारांच्या पुढे. हे सगळं त्यांनी माझ्या यजमानांना समजावून सांगितलं. गाडी माझ्या नावावर आहे, कागलला शाळेत रोज मी ती नेते, आणि आमचे हे अजून सायकलवरून बाजारात जातात, ही गोष्ट वेगळी. दुसरीकडे एकानं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग वाजतायत, म्हणून सांगितलं आणि जुन्या गाडीला एवढं चालायचंच, गाणी लावा, असा सल्ला दिला.

तुमच्याकडे आले तेव्हा गाडी तापलेली होती. तुम्ही बॉनेटही उघडलं नाहीत. "आवाज कवा येतोय ते सांगा. कसला येतोय ते माझं मी ऐकतो." मग प्रश्न सुरू झाले. पहिल्या दोन-चार सेकंदांत येतो की पुढेही चालू राहतो? उभ्या गाडीत येतो की पळत्या? पन्हाळ्याचा चढ वरच्या गिअरमध्ये चढताना वाढतो का? एसी लावल्यावर बदलतो का? ऑइल कधी बदललं, कुठलं टाकलं? गाडीला इतके प्रश्न विचारणारं मला तोवर कुणी भेटलं नव्हतं. शेवटी म्हणालात, "रातभर गाडी हितंच ऱ्हाऊ दे. थंड हाय तवर ऐकायचं. एकदा तापली की ही काय बोलणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी येईपर्यंत तुम्ही किल्लीला हात लावला नव्हता. किल्ली माझ्याच हातात दिलीत आणि स्वतः पुढे जाऊन उभे राहिलात.

टकटक सुरू झाली तसं तुम्ही बॉनेटच्या कडेवर बोटानं ताल धरलात. तुमचं म्हणणं असं की, उभ्या गाडीत क्रँक मिनिटाला साधारण 800 फेरे मारतो, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे. खालच्या बेअरिंगचा ठोका बहुधा क्रँकच्या चालीनं येतो, जड आणि भरीव. हा होता निम्म्या चालीचा आणि हलका. म्हणजे वर व्हॉल्व्हकडे बघायचं, नाहीतर एकाच सिलिंडरच्या धुराच्या वाटेवर, कारण प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडतो. क्रँक आणि कॅमशाफ्टला जोडणारी टायमिंग चेन वाजत असती तर ऑइलचा दाब चढून तिला ताणणारा टेन्शनर भरला की काही सेकंदांत गप्प बसली असती. पट्टा किंवा अल्टरनेटरचं बेअरिंग असतं तर ठोका नसता, घरघर आली असती.

मग तुम्हीही दोन नंबरचा प्लग काढलात आणि आवाज बसला. माझ्या पोटात गोळा आला. वर्कशॉपवाल्यांचं हेच तर म्हणणं होतं! तुम्ही मात्र शांतपणे सांगितलंत की ही खूण तिघांची सारखीच असते. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळायचं थांबलं की बेअरिंगवरचा भार कमी होतो, पिस्टनची आपट कमी होते आणि धुराचा जोरही कमी होतो. या परीक्षेतून सिलिंडर कुठला ते कळतं, रोग कुठला ते कळत नाही. ही एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख बसली. तिथल्या मुलांना मी वाईट म्हणणार नाही. परीक्षा त्यांनी बरोबर केली होती, फक्त एका पायरीवर थांबले.

पुढची पायरी तुम्ही केलीत. गेलेलं बेअरिंग गरम गाडीत जास्त वाजतं, कारण तापलेलं ऑइल पातळ होतं. माझी गाडी तर उलटी वागत होती. तरी तुम्ही तेवढ्यावर विसंबला नाहीत. ऑइल मोजायच्या दांडीवरचं ऑइल कागदावर पुसून उन्हात धरलंत, चकाकणारे कण आहेत का ते बघायला. बोटांत चोळून ते घट्ट तर नाही ना, हेही पाहिलंत. 5 डब्ल्यू 30 हे पातळ ऑइल मागणाऱ्या इंजिनात 20 डब्ल्यू 50 हे घट्ट ऑइल ओतून आवाज दाबायचा आणि गाडी विकायची, हा जुना उद्योग आहे म्हणे. मग गाडी पंखा फिरेपर्यंत तापवून, ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या जागी गेज लावलंत. तुमचा मोटामोटी हिशेब, हजार फेऱ्यांना निदान 10 पीएसआय दाब. 3000 वर काटा 40 च्या पुढे होता. "खालचं घर चांगलं हाय," एवढंच बोललात, आणि गेले कित्येक दिवस रखडलेली माझी झोप तिथे उभ्या उभ्या परत आली.

गाडी पुन्हा थंड होऊ दिलीत. आता लांब स्क्रू ड्रायव्हर निघाला, आणि सोबत अर्ध्या इंचाची रबरी नळी. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवून मूठ कानाशी धरली की लोखंडाच्या आतलं ऐकू येतं. नळीतून ऐकू येते ती हवा. दोन्ही तुम्ही माझ्या हातात दिलंत, फक्त पंखा आणि पट्ट्यापासून लांब धरा म्हणालात. स्क्रू ड्रायव्हरनं ब्लॉकवर काही खास ऐकू आलं नाही. पिस्टनची आपट असती तर तिथे बदबद आवाज आला असता. नळी मात्र एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळकांड्याच्या) पत्र्याच्या कव्हरामागे नेली आणि कानात फट-फट-फट! पत्रा काढला तर दोन नंबरच्या तोंडाशी हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर) काजळीची काळी रेघ. खात्रीसाठी इंजिन बंद असताना सायलेन्सरमधून ब्लोअरनं हवा सोडलीत आणि सांध्यावर साबणाचं पाणी मारलंत. बुडबुडे तिथेच आले.

मॅनिफोल्ड आणि हेडमधलं पॅकिंग जळालेलं होतं आणि शेजारचा स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारा बोल्ट, तुटून हेडमध्ये अडकला होता. हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट वाढतं आणि या रोजच्या ओढाताणीत स्टड थकतो. तापलं की फट मिटते म्हणून आवाज जातो. आठवीच्या वर्गाला धातूंचं प्रसरण मी अनेक वर्षं शिकवतेय, पण माझ्याकडे उदाहरण होतं ते रेल्वेच्या रुळांचं. तो तुटका स्टड तुम्ही कागदात गुंडाळून दिलात, तो आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे.

तो काढताना तुमचा हात बघण्यासारखा होता. तुम्ही ड्रिल हातातच घेतलं नाहीत, कारण मऊ हेडमध्ये ते भरकटतं. तुटक्या टोकावर नट ठेवून वेल्डिंग मारलंत, त्या उष्णतेनं गंज सुटला आणि पान्यानं तो स्टड हळूहळू फिरत बाहेर आला. मॅनिफोल्डवर पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातलं, थोडा बाक निघाला, तर पोरगं चार दुकानं पलीकडे जाऊन सरफेस मारून, म्हणजे तोंड सपाट करून, घेऊन आलं. हे उद्यमनगरातच होऊ शकतं. दुसरीकडे मला नवा मॅनिफोल्ड घ्यायला लावला असता.

आणखी दोन गोष्टी तुम्ही सहज बोलून गेलात, त्या इथे मुद्दाम लिहिते. पेट्रोल जास्त का लागत होतं, तर त्या फटीतून बाहेरची हवाही आत ओढली जाते, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि गाडीचा कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. दुसरी गोष्ट विचारताना तुमचा सूर बदलला होता. "गाडीत बसल्यावर डोकं जड होतंय का कुणाचं?" तो धूर एसीच्या हवेबरोबर आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आम्ही सकाळी बंद पार्किंगमध्ये गाडी तापवत उभी करायचो, ते तुम्ही तिथल्या तिथे बंद करायला लावलंत. आवाजाच्या नादात हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

गाडी बघायला गेले होते त्या दिवशी विकणाऱ्यानं ती आधीच चालू करून ठेवली होती, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही नुसते हसलात. आता कुणी सेकंड हँड गाडी बघायला निघालं की मी सांगते, आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर संध्याकाळचा चहा पिऊन परत या.

नट पुन्हा एकदा आवळायला गाडी आणून दाखवली, त्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, याबद्दल माझी तक्रार कायम आहे. टॅपेट दिवाळीनंतर बघू म्हणालात, तेव्हा येईनच. त्याआधी आमच्या शाळेतले गणिताचे सर येतील. त्यांची गाडी वळताना कूं कूं करते. तुमच्याकडे रात्रभर ठेवावी लागेल, हे मी त्यांना सांगून ठेवलंय.

आपली,
करड्या गाडीवाल्या मॅडम