चेहऱ्याची निगा आणि विदर्भाचे ऊन

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काही आठवड्यांपूर्वी आपल्या महिला पुरवणीत चेहऱ्याच्या निगेची दहा टप्प्यांची कोरियन पद्धत सविस्तर छापून आली होती. महागडी उत्पादने परवडत नसतील तर प्रत्येक टप्प्यासाठी स्वयंपाकघरातला एकेक जिन्नस वापरावा, असे त्या लेखाच्या शेवटी सुचवले होते. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात एका गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. ते पान माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या वहीत घडी घालून ठेवलेले मला आढळले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुलींच्या या हौसेला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. ज्या घरात आई सकाळी सातला वावरात जाते आणि मुलगी शाळेतून आल्यावर भांडी-पाणी करते, त्या घरातल्या मुलीलाही आपला चेहरा नितळ असावा असे वाटते, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की स्वस्त पर्याय शोधताना मूळचा टप्पा नेमके कोणते काम करतो हे आधी विचारले पाहिजे. लेखात तो प्रश्न कुठेच नव्हता. टोनरऐवजी लिंबू, स्क्रबऐवजी साखर, सनस्क्रीनऐवजी खोबरेल तेल, अशी नावासमोर नाव ठेवलेली ती यादी होती.

तेलाने मळ आणि मेकअप सैल करणे, फेसाळ क्लीन्झरने धुणे, मृत त्वचा काढणे, टोनर, एसेन्स आणि सीरम ही ओलाव्यासाठीची पातळ द्रव्ये, कागदी मास्क, डोळ्यांखालची क्रीम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन असे ते दहा टप्पे. मूळ पद्धतीतही मास्क आणि मृत त्वचा काढणे हे आठवड्यातून एकदोनदाच करायचे असते. कामाच्या दृष्टीने पाहिले तर या सगळ्यांतून तीन गोष्टी साधायच्या असतात: त्वचा न दुखावता ती स्वच्छ करणे, तिच्यातला ओलावा टिकवणे आणि उन्हापासून तिला वाचवणे. पहिली दोन कामे आपल्या घरातल्या वस्तूंनी बऱ्यापैकी होतात. तिसरे काम स्वयंपाकघरातल्या कोणत्याही वस्तूने होत नाही, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा नववीतली एक मुलगी ओढणी गालावरून ओढून बसलेली दिसली. मधल्या सुटीत तिला जवळ बोलावून पाहिले. दोन्ही गालांवर तपकिरी डाग होते आणि उजव्या गालावरून हनुवटीकडे एक बारीक काळी रेघ उतरली होती, अगदी थेंब ओघळावा तशी. ती रेघ थेंबाचीच होती. अर्ध्या लिंबात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून तिने तो चेहऱ्याला चोळला होता आणि घाईत अर्धवट तोंड धुऊन ती आईबरोबर कापूस वेचायला गेली होती. लिंबाच्या रसात, आणि सालीत त्याहून अधिक, फ्युरोकौमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मग काळी पडते. हा परिणाम लगेच दिसत नाही, एकदोन दिवसांनी दिसतो, त्यामुळे दोष लिंबाचा आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तिचे डाग फिके व्हायला उन्हाळा उजाडला.

त्यानंतर आम्ही वर्गात एक साधा प्रयोग केला. आम्ल आणि आम्लारी (आम्लाच्या उलट गुणाचे, साबण-सोड्यासारखे पदार्थ) शिकवताना हळदीचा कागद दरवर्षीच करतो. वायगावची हळद आमच्याच तालुक्यातली, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, त्यामुळे हळदीची आम्हाला वाण नाही. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या आणि मुलींनी घरून आणलेल्या वस्तूंचे थेंब त्यांवर टाकले. अंगाच्या साबणाचे पाणी पडताच पट्टी विटकरी लाल झाली. सोड्याच्या पाण्यानेही ती लालसर झाली. बेसन कालवलेल्या पाण्याने, दह्याच्या निवळीने आणि तांदळाच्या धुवणाने ती पिवळीच राहिली. लिंबानेही पिवळीच राहिली, कारण हळद आम्लारी ओळखते, आम्लाची तीव्रता सांगत नाही. लिंबाच्या रसाचा सामू (म्हणजे पीएच, आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र) २ च्या आसपास असतो आणि निरोगी त्वचेचा साधारण ४.७ ते ५.५, हे फळ्यावर लिहून दाखवावे लागले. साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० असतो. म्हणजे लिंबू एका टोकाला, साबण दुसऱ्या टोकाला आणि त्वचा मध्ये.

टोनरचे कोडेही यातून सुटते. आम्लारी साबणाने चेहरा धुतल्यावर त्वचेचा सामू पूर्ववत व्हायला वेळ लागतो, तो लवकर यावा हे टोनरचे एक मूळचे काम. चेहरा साबणाने धुतलाच नाही तर या टप्प्याची फारशी गरज उरत नाही. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, त्यात साबणाचा चोथा होतो आणि तो त्वचेवर बसून तोंड ओढल्यासारखे वाटते. म्हणून मी मुलींना सांगते की चेहऱ्यासाठी बारीक चाळलेले हरभऱ्याचे बेसन दह्यात किंवा पाण्यात सैल कालवून हलक्या हाताने लावावे आणि ते वाळायच्या आत धुऊन टाकावे. वाळलेले बेसन खरवडून काढताना त्वचाही खरवडली जाते. साखरेचे खडे, अक्रोडाचा भुगा आणि संत्र्याच्या सालीची जाडसर पूड यांचाही तोच त्रास. वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या संत्र्यांचा मला अभिमान आहे, पण त्या सालींवर फवारणीचे अंश राहू शकतात, हे बागाईतदार घरातल्या मुलींना सांगायची गरज नसावी. दह्यातल्या लॅक्टिक आम्लाने मृत त्वचा आपसूक थोडीफार सैल होते, तेवढे आठवड्यातून एकदा पुरे. मुलतानी माती तेलकट चेहऱ्यालाच आणि तीही पावसाळ्यात. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत, जेव्हा हातपाय आधीच उललेले असतात, तेव्हा ती लावणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण आहे.

एक अपवाद मात्र आवर्जून सांगते. फवारणीच्या हंगामात वावरातून आल्यावर हात, मान, चेहरा साबणाने आणि भरपूर पाण्यानेच धुवावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सारे विसरलेलो नाही. औषध अंगावर सांडले असेल तर कपडे बदलून धुणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे हाच उपाय आहे. तेथे कोरफड किंवा हळद लावत बसू नये.

ओलाव्याचे काम सर्वांत स्वस्तात होते आणि त्यासाठी एसेन्स, सीरम, डोळ्यांची क्रीम असे तीन टप्पे लागत नाहीत. औषधाच्या दुकानात मिळणारे साधे ग्लिसरीन एक चमचा आणि उकळून गार केलेले पाणी दहा चमचे, एवढे मिश्रण धुतलेल्या ओल्या चेहऱ्यावर लावावे आणि त्यावर करडईच्या किंवा तिळाच्या तेलाचे दोनतीन थेंब हाताला चोळून दाबावेत. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तेल ते उडू देत नाही. कोरड्या हवेत वरचा तेलाचा थर नसेल तर नुसत्या ग्लिसरीनचा गुण फार वेळ टिकत नाही. हे मिश्रण दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण बाजारातल्या बाटलीत असतात तसे टिकाऊ घटक आपल्या वाटीत नसतात. तांदळाच्या धुवणाचेही तसेच. भंडारा-गोंदियाच्या घराघरात ते रोज फेकले जाते आणि कोरियातही ते पिढ्यान्‌पिढ्या चेहऱ्याला लावले जाते, पण ते त्याच दिवशी वापरून संपवावे. जवस आपल्याकडे मुबलक, तरी त्याचे तेल हवेने लवकर खवट होते, ते चेहऱ्याऐवजी चटणीतच बरे. ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांनी खोबरेल आणि तूप चेहऱ्यापासून दूर ठेवावे. ओठांना आणि टाचांना खुशाल लावावे.

कोरफडीचा गर थंडावा देतो, पण पान कापल्यावर सालीखालून पिवळा कडू चीक येतो, त्याने त्वचेला खाज सुटते. पान उभे धरून तो चीक पूर्ण निथळू द्यावा, मगच गर काढावा. सुट्या हळदीत रंगाची भेसळ सापडते, म्हणून घरी दळलेलीच घ्यावी. आणि वस्तू कोणतीही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. झाडापासून आलेली वस्तू अंगाला चांगलीच असते हा समज खाजकुइली ठाऊक असलेल्या गावांत तरी टिकायला नको होता.

आता उन्हाविषयी. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीला त्याहूनही वर. डाग, वांग आणि अकाली सुरकुत्या वाढवण्यात उन्हाचा वाटा मोठा असतो. खोबरेल, गाजराच्या बियांचे तेल, बेसन, चंदन यांतले काहीही सनस्क्रीनचे काम करत नाही. ३० एसपीएफचे (उन्हापासून संरक्षणाचा हा आकडा ट्यूबवर छापलेला असतो) सनस्क्रीन पुरेसे लावले तर त्वचा भाजणाऱ्या अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते. पुरेसे म्हणजे दोन बोटांवर लांबीभर, केवळ चेहरा आणि मानेसाठी, आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा. दर वेळी साधारण एक ग्रॅम धरला तरी ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावणारीला पन्नास दिवस पुरेल, दिवसभर वेचणी करणारीला दोन आठवडेही नाही. रोजमजुरीवर जगणाऱ्या घराला हा खर्च झेपत नाही, हे मला मान्य आहे.

पण वेचणीला जाणाऱ्या बाया काय करतात ते पाहा. लुगड्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, त्याच्या मनगटाच्या गुंड्या लावलेल्या, डोक्याला आणि गालांना घट्ट बांधलेला दुपट्टा, वर टोपली. बोंडांची टरफले टोचू नयेत आणि ऊन लागू नये म्हणून आपल्या आज्यांपासून चालत आलेला हा पोशाख आहे. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड उन्हाची किरणे पातळ पांढऱ्या कापडापेक्षा खूप जास्त अडवते आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. नैसर्गिक आणि परवडणारा पर्याय छापायचाच असेल तर सनस्क्रीनसमोर या शर्टाचे नाव छापायला हवे होते. पैसे थोडे असतील तर ते बदामतेलावर आणि गुलाबपाण्यावर न घालवता ग्लिसरीनवर घालावेत आणि उरतील त्यातून सनस्क्रीनची ट्यूब घेऊन ती कापडाने न झाकणाऱ्या नाकाला, गालांच्या उंचवट्याला लावावी.

घरगुती उपायांचा गुण दिसला नाही की मुली पुढे कुठे वळतात, याची मला अधिक काळजी वाटते. आमच्या बाजारात घटकांची यादी नसलेल्या, आठवड्यात उजळ करणाऱ्या डब्या मिळतात. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना झालेल्या विकाराचे मूळ चेहऱ्याच्या क्रीममधल्या पाऱ्यात सापडल्याची बातमी आली होती. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो, आणि तोच पारा त्वचेतून शरीरात जातो. कायद्याने क्रीममध्ये दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त पारा चालत नाही. बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइड असलेली मलमेही अशीच वापरली जातात. त्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि मलम बंद करताच त्रास उसळतो. स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय मिळू नयेत यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियम कडक केले, तरी मी स्वतः एका दुकानात नुसते नाव सांगून असे मलम मिळताना पाहिले आहे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा सेवाग्राम, यवतमाळ किंवा नागपूरच्या रुग्णालयातील एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून मजकूर तपासून घ्यावा, उन्हाळा आणि हिवाळा यांसाठी वेगळा मजकूर द्यावा, कारण इथली त्वचा मे महिन्यात भाजते आणि जानेवारीत उलते, आणि डबीवर काय वाचायचे ते सोप्या शब्दांत, मोठ्या अक्षरांत छापावे. पान एकच असले तरी चालेल. जुने पान मुलींच्या वहीत अजून आहे. नवे आले की मी ते वर्गाच्या भिंतीवर, हळदीच्या पट्ट्यांशेजारी लावीन.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका
ता. समुद्रपूर, जि. वर्धा