आमची विशेषणं खोडणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मुद्दाम उघडं ठेवतो आहोत. सनीव्हेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँटकडच्या ज्या मराठी बायका येत्या सत्रात कम्युनिटी कॉलेजात बालशिक्षण घ्यायला निघाल्यात, त्यांच्याही ते हाती पडावं. तुम्ही आमच्या प्रॅक्टिकमच्या, म्हणजे प्रत्यक्ष वर्गातल्या सरावाच्या, मार्गदर्शक शिक्षिका (मेंटॉर टीचर). चार वर्षांच्या मुलांचा वर्ग सांभाळता सांभाळता आम्हालाही सांभाळलंत. 'खूप काही शिकवलंत' असे आभार मानले तर तुम्हीच समासात लिहाल, "म्हणजे काय?" म्हणून नेमकंच लिहितो.

सगळ्यांत मोठं ऋण निरीक्षणाच्या वहीचं. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे दिसलं-ऐकलं तेवढंच, उजवीकडे त्याचा अर्थ. वर तारीख, वेळ, जागा आणि मुलाची फक्त आद्याक्षरं. 'तो चिडला' हे डावीकडे चालत नाही. 'भुवया आवळल्या, ठोकळा गालिच्यावर आपटला, दोनदा "माय टर्न" म्हणाला' हे चालतं. 'चिडला', 'छान खेळली', 'हट्टी' हे सगळे निकाल आहेत, पुरावे नाहीत. कॅलिफोर्निया राज्याच्या अनुदानावरच्या वर्गात प्रत्येक मुलाच्या विकासाचा तक्ता (डीआरडीपी) भरावा लागतो, प्रवेशापासून 60 दिवसांत पहिल्यांदा आणि मग दर सहा महिन्यांनी. मूल कुठल्या पायरीवर आहे हे तिथे ठरवायचं असतं, आणि त्या वेळी निकाल काडीच्या कामाचे नसतात. उलट चांगली नोंद एकच असली तरी तीन-चार मोजमापांना पुरते. ठोकळ्याच्या त्या एका ओळीत भावनेवरचा ताबाही आहे, भाषाही आहे आणि सोबतच्या मुलाशी वागणंही.

नोंदी कुठे बिघडतात तेही तुम्ही दाखवलंत. रात्री घरी बसून लिहिलेल्या नोंदीची गोष्ट होते. म्हणून खिशात तीन बाय पाच इंचांची कार्डं ठेवायची, तीन शब्द आणि मुलाचं बोलणं जसंच्या तसं टिपायचं आणि मुलं झोपली की त्याच दुपारी पूर्ण करायचं. आठवड्याच्या शेवटी मुलागणिक कार्डं मोजायची. दंगा करणाऱ्यांची सात-आठ निघतात आणि खिडकीपाशी शांतपणे कोडं जुळवणाऱ्या मुलीचं एकही नाही. ही मोजणी अभ्यासक्रमाच्या पुस्तकात आम्हाला सापडली नाही, ती तुमची.

दुसरं ऋण बोलण्याचं. पाहुण्यांसमोर पोराला उभं करून "सांग बरं, हत्ती कसा करतो?" विचारायची आपल्याकडची जुनी खोड. तीच वर्गात "हा कुठला रंग?" होऊन येते. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे, त्या प्रश्नाने मूल एका शब्दात मोकळं होतं. त्याऐवजी शेजारी बसून, डोळे त्याच्या पातळीवर आणून, "हे तू कसं उभं केलंस?" म्हणायचं आणि मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं. पाच आकडे फार लांब वाटतात. तिसऱ्यालाच आपण उत्तर पुरवून मोकळे होतो. तसंच "धावू नको"चं: मुलाला नेमकं 'धाव' तेवढंच ऐकू येतं. "पाय चालत चालत" म्हटलं की काय करायचं ते कळतं.

गोल करून बसायच्या वेळेबद्दल तुमचा नियम सरळ होता: तीन वर्षांच्यांना दहा मिनिटं, चारच्यांना पंधरा, आणि गोष्ट पडली तर पुस्तक निमूट मिटायचं. बेशिस्त म्हणून आपण जे पाहतो त्यातलं बरंचसं नुसतं ताटकळणं असतं. सगळा वर्ग एकदम हात धुवायला उठवला की बेसिनपाशी ढकलाढकली ठरलेली. "निळे कपडेवाले जा" म्हणत दोन-दोन, तीन-तीन सोडले, बाकीच्यांचं गाणं चालू ठेवलं, की तेच काम गुपचूप उरकतं.

आता खेळायचा गोळा (प्ले-डो). 2 कप मैदा, 1 कप मीठ, 2 टेबलस्पून क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगची आंबट पूड), 2 टेबलस्पून तेल, 2 कप पाणी. सगळं गार असतानाच एकजीव करायचं आणि मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत ढवळायचं. उकडीचे मोदक जमणाऱ्या बाईला हे सांगावं लागू नये, पण आच वाढवायचा मोह तिलाही होतो. मग खाली करपतं आणि आत कच्च्या गाठी राहतात. मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळी दिवसात गोळा चिकटतो. तेव्हा चमचाभर मैदा मळून घालायचा. वर्गात ग्लूटेन न चालणारं मूल असेल तर मैदा बादच. तोंडात घालणाऱ्या मुलावर नजर हवी, कारण एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं. वर्गात उलट्यांची साथ आली की गोळा थेट कचऱ्यात. 'अक्षरं कधी गिरवून घेणार?' विचारणाऱ्या आयांना तुम्ही हाच गोळा हातात द्यायचात. पेन्सिल धरणारी बोटं आधी इथे, कात्रीवर आणि कागद फाडण्यात तयार होतात. शंख, बिया, खडे, पानं मांडलेलं तुमचं टेबल पाहून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवायच्या. 1945 साली बोर्डीत बालवाडी सुरू झाली तेव्हा साहित्य असंच आजूबाजूचं होतं.

दुधाच्या छोट्या पिचरचाही उल्लेख हवाच. दुपारच्या जेवणात या वयाला 6 औंस दूध असतं आणि ते मुलानेच ओतून घ्यायचं. पिचर अर्धाच भरायचा, स्पंज हाताशी ठेवायचा, सांडलं तर पुसायचं काम सांडणाऱ्याचं, न रागावता. घास भरवायला शिवशिवणारे आमचे हात तुम्ही पाठीमागे बांधायला लावलेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर (वर्षात तीन सत्रं) चालतात, मिशन आणि वेस्ट व्हॅली सेमिस्टरवर (वर्षात दोन). शिक्षिकेच्या राज्य-परवान्याच्या (परमिटच्या) नियमांतले आकडे सेमिस्टरचे असतात, म्हणून 12 युनिट (श्रेयांक) म्हणजे क्वार्टरचे 18 आणि 24 म्हणजे 36. हा हिशेब चुकला की एक आख्खा विषय कमी पडतो. आमच्या वेळी असोसिएट टीचर परमिटला 12 युनिट आणि दोन वर्षांत रोज किमान तीन तास वर्गात कामाचे 50 दिवस लागत. टीचर परमिटला 24 युनिट, शिवाय सामान्य शिक्षणाचे 16, आणि चार वर्षांत 175 दिवस. ग्रेड सीच्या खाली नको. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन विषयवार मागायचं. नुसतं 'बॅचलरच्या बरोबरीचं' असं पत्र आलं तर त्यातून ते 16 युनिट मोजता येत नाहीत. हे 16 चार गटांत वाटलेले असतात, आणि अभियांत्रिकीच्या पदवीत गणित-विज्ञान उतू जातं तेव्हा कलांचा रकाना बहुधा रिकामा असतो.

वर्गात काम करायला लागणाऱ्या टीबीच्या तपासणीचं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत म्हणून किती जणींचा एक्स-रे वाचला. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी मागायची. गोवराच्या लसीचा कागद गावाकडे हरवला असेल तर रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून मिळते. फ्लूची लस नको असेल तर तसं लिहून देता येतं, गोवर आणि डांग्या खोकल्याचं तसं नाही.

आणि ताई, घरी मराठी बोलू की इंग्रजी, या प्रश्नावर तुम्ही प्रत्येक आईला एकच उत्तर दिलंत: ज्या भाषेत तुम्ही सहज रागावता आणि लाड करता, तीच. घरची भाषा पक्की असली की दुसरी तिच्यावर चढते.

तुमच्या टेबलावर कोऱ्या कार्डांचे दोन गठ्ठे ठेवलेत, नव्या मुलींसाठी. शेजारच्या डब्यात गोळा आहे, पिवळा. झाकणावर तारीख घातली आहे आणि 'मैदा आहे' असंही लिहिलं आहे.

तुमच्या,
प्रॅक्टिकमच्या मराठी विद्यार्थिनी