‘ट्वीनी’ची बटीक करू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या इंग्रजी कथांच्या मराठी अनुवादांत ‘ट्वीनी’, म्हणजे घरकामाला ठेवलेली पोर, आली की तिची कधी ‘बटीक’ होते, कधी ‘दासी’, तर कधी थेट ‘कुणबीण’. तिन्ही शब्द चुकतात. बटीक ही विकत घेतलेली. पेशवाईच्या कागदांत कुणबीणही त्याच अर्थाने येते, पण गोव्यात कुणबी हा एक समाज आहे, 2003 पासून अनुसूचित जमातींच्या यादीत असलेला. ‘घरातल्या कुणबिणीने दार उघडले’ हे वाक्य दक्षिण गोव्यातल्या केपे-सांग्यात कसे वाचले जाईल, याचा विचार अनुवादकाने करायला हवा.

ट्वीनी पगारी असे. ‘बिट्वीन मेड’चे हे तुटके रूप: स्वयंपाकीण आणि खोल्या आवरणारी मोलकरीण, दोघींच्या हाताखाली राबणारी कोवळ्या वयाची पोर. सकाळी शेगड्यांतली राख काढायची, चाळून अर्धवट जळालेले कोळसे वेगळे ठेवायचे, जाळी काळ्या लेपाने घासून चकचकीत करायची, गरम पाणी जिन्याने वर न्यायचे. मग खाली येऊन भाज्या सोलायच्या. इथे आणखी एक खड्डा आहे. त्या लेपाचे इंग्रजी नाव ‘ब्लॅकलेड’, म्हणून अनुवादात ‘शिसे फासले’ असे येते. तो लेप ग्राफाइटचा. त्यात शिसे नाहीच. आणि ती शेगडी भिंतीतली, खोली ऊबदार ठेवणारी; तिला ‘चूल’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे शेणाने सारवलेली चूल येते.

मग शब्द कोणता? ‘वरकामाची पोर’. निवडणे-टिपणे, उचल-ठेव, सांगेल ते काम, असे सगळे ‘वरकाम’ या शब्दात आपोआप येते. पहिल्या उल्लेखात पूर्ण लिहावे, पुढे नुसते ‘पोर’ चालते. ‘मोलकरीण’ अर्थाने जवळचा, पण त्यात वय आणि पायरी दोन्ही हरवतात. ‘मधली’ मात्र टाळावे; मराठीत मधली ही बहीण नाहीतर जाऊ.

गोव्यातल्या अनुवादकाला ‘पोसकें’ वापरायचा मोह होईल. शब्द सुंदर आहे, पण नाते वेगळे. पोसकें भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी लहानपणापासून वाढत असे, घरचे म्हणवत असे आणि राबतही असे. वारसा मात्र मिळत नसे. पोर्तुगीज ‘क्रियाद’च्या मुळाशीही पोसणे, वाढवणेच आहे. ट्वीनीला त्या घराने वाढवलेले नसते. ती नोकरीला आलेली असते आणि नोकरी सोडून जाऊ शकते.

हाकेकडेही लक्ष हवे. मालकीण पोरीचे नाव लक्षात ठेवत नाही, हुद्द्यानेच पुकारते. कथेतली अर्धी गंमत आणि अर्धी खंत तिथेच असते. स्वयंपाकीण तिला ‘अगं ए’ म्हणेल, ती स्वयंपाकिणीला ‘अहो बाई’. आणि त्या घरांत मुख्य स्वयंपाकीण लग्न न झालेली असली तरी मानाने ‘मिसेस’ म्हणवली जाई. अनुवादात तिला ‘सौ.’ लावले की वाचक पुढची पन्नास पाने तिचा नवरा शोधत बसतो.

आपला,
एक वाचक, फोंडा