वारं गेलं म्हणून तीन तास घालवले, आणि गोळी बंद करून बाकीचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

29 ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिवस, म्हणजे लकव्याचा दिवस असतो, त्यानिमित्त आपल्या पेपरात लेख आला होता. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं की लगेच मोठा दवाखाना गाठा, असा. लेख चांगला होता, मी कात्रण काढून फ्रीजवर चिकटवलंय. पण तो लेख दवाखान्याच्या दारात संपला आणि दारातून पेशंट घरी आणल्यावर जे सुरू होतं ते आमच्याकडे गेली दोन वर्षं चालू आहे, त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहायला बसले. पत्र लांबलंय, कापायचं तिथं कापा, फक्त गोळीचं जे लिहिलंय ते तेवढं राहू द्या.

माझे मिस्टर तेव्हा 54 वर्षांचे होते. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, दिवसभर वाकून काम, दुपारच्या डब्यात ठेचा, पापड, लोणचं हे पाहिजेच. बीपी आहे हे चार वर्षं आधी गावात शिबिर झालं तेव्हाच कळलेलं, गोळीही दिलेली, पण डोकं दुखलं तर घ्यायची नाहीतर नाही. मला काही त्रास होत नाही मग रोज गोळी कशाला, हे त्यांचं म्हणणं, आणि खरं सांगते मलाही ते पटायचं. बीपी वाढलं तरी बहुतेक माणसांना काहीच जाणवत नाही, आतल्या आत रक्तवाहिन्या खराब होत राहतात, हे मला दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्यावर कळलं.

सकाळी साडेसहाला हातातला चहाचा कप सुटला. गरम चहा मांडीवर सांडला तरी हे नुसते माझ्याकडं बघतायत, तोंडाची उजवी बाजू खाली ओघळल्यासारखी, उजवा हात मांडीवर पडलेला तो उचलेना. शेजारच्या काकी धावत आल्या आणि म्हणाल्या, अगं यांच्या अंगावरून वारं गेलंय. आमच्याकडं लकव्याला असंच म्हणतात. आता वारं म्हटलं की माणूस डॉक्टर शोधत नाही, वारं उतरवणारा शोधतो. एकानं कांदा हुंगवला, एकजण म्हणाला कबुतराचं रक्त चोळा, आणि दीर म्हणाले पलीकडच्या गावात लकव्याचं तेल देतात, हमखास गुण येतो. आम्ही गाडी काढली ती थेट तिकडं. तिथं नंबर लागला, मालिश झाली, साडेनऊ तिथंच वाजले. मग तालुक्याचा सरकारी दवाखाना, तिथं सिटी स्कॅन नाही, त्यांनी पुढं पाठवलं. जिल्ह्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हे अगदी नीट होते असं शेवटचं कधी बघितलं? मी म्हटलं साडेसहाला चहा दिला तेव्हा. त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे डाव्या मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आमचा तास-दीड तास जास्त झाला होता. मोठ्या नसेत गाठ असेल तर तारेनं ती काढायची सोय असते, काही पेशंटमध्ये ती 24 तासांपर्यंतही करतात, पण आमच्यात गाठ बारीक नसेत होती, तिथपर्यंत तार जात नाही म्हणाले. अजून एक गोष्ट डॉक्टर बोलले ती सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गाठीचा लकवा आणि रक्तस्रावाचा लकवा बाहेरून सारखाच दिसतो, स्कॅनशिवाय कळतच नाही, त्यामुळं घरी कुणी शहाणपणा करून रक्त पातळ करायची गोळी तोंडात कोंबू नये.

नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. जाड फाइल, सगळी इंग्रजीत. सात गोळ्या. सिस्टरनी पाच मिनिटांत कुठली सकाळी कुठली रात्री ते सांगितलं, तेवढ्यात काउंटरवरून बिलासाठी हाका चालू होत्या, दीर पैसे भरायला पळाले आणि मी मान हलवत राहिले. कुठली गोळी कशाची आहे आणि किती दिवस घ्यायची आहे हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पेशंटला पाणी कसं पाजायचं हेही नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पाणी पिताना ठसका लागला. मग चहाला लागला, आमटीला लागला. आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे. सहाव्या दिवशी 102 ताप आणि छाती घरघर वाजायला लागली, परत अॅडमिट, दुसऱ्या दवाखान्यात. गिळायची ताकद कमी झाल्यामुळं पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जात होतं आणि त्याचा न्यूमोनिया झाला होता. तिथल्या एका सिस्टरनी मला शेजारी बसवून दाखवलं. पेशंटला पूर्ण ताठ बसवायचं, हनुवटी थोडी छातीकडं, छोटा चमचा, एक घास गिळला हे बघितल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज सोपी जाते, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. दहा मिनिटं लागली हो हे शिकायला. पहिल्या दवाखान्यात ही दहा मिनिटं मिळाली असती तर पुढचे सहा दिवस आणि तेवढं बिल वाचलं असतं आणि त्यांच्या अंगातली होती नव्हती ती ताकदही गेली नसती.

खांद्याचंही तसंच. उठवताना आम्ही लुळ्या हाताला धरून ओढायचो, दुसरं काय धरणार. महिन्याभरात खांदा उतरला, रात्री कुशीवर वळलं तरी कण्हायचे. फिजिओथेरपिस्ट आमच्या तालुक्यात नाही. जिल्ह्यावरून एकजण आठवड्यातून एकदा यायचे, त्यांनीच सांगितलं की हात ओढायचा नाही, पाठीमागून कमरेला धरून उठवायचं, आणि बसलेले असताना हाताखाली उशी द्यायची. पहिल्या तीन-चार महिन्यांत सुधारणा सगळ्यात झपाट्यानं होते म्हणतात आणि नेमके तेच महिने आम्ही आठवड्याला एका तासावर काढले. एक गोष्ट मात्र आम्ही नीट केली. दर दोन तासांनी कूस बदलायची, मोबाइलला अलार्म लावून, रात्रीसुद्धा. मी आणि मुलगा पाळी लावून उठायचो. दोन वर्षांत पाठीला एक जखम झालेली नाही.

बोलणं गेलं ते वेगळंच. त्यांना सगळं समजतं, पेपर वाचून दाखवला की चेहऱ्यावर कळतं, पण तोंडातून एकच शब्द येतो, चला. पाणी पाहिजे, चला. पाहुणे आले, चला. मुलगी सुट्टीला आली की तिचा हात धरून चला चला चला म्हणतात आणि डोळ्यांतून पाणी. येणारी माणसं माझ्याशी बोलतात, त्यांच्यासमोर विचारतात की यांना समजतं का काही. कृपा करून असं कुणी विचारू नका, समोरच्या माणसाला ऐकू येत असतं.

आता गोळीचं. पाचव्या महिन्यापर्यंत हे काठी घेऊन गॅरेजपर्यंत जायला लागले होते. खुर्चीवर बसायचे आणि पोरांना डाव्या हातानं खुणा करून सांगायचे, पोरं पण बरोबर समजायची. त्याच महिन्यात बीपी मोजलं ते 124/80 आलं. सगळ्यांना आनंद. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, नॉर्मल आलंय की, आता कशाला शरीराला गोळीची सवय लावताय. त्या महिन्यात गोळ्यांना पैसेही ओढाताणीचे होते. आम्ही बीपीची गोळी बंद केली. कुणी जबरदस्ती केली नाही, मीच डब्यातून काढून बाजूला ठेवली.

आठव्या महिन्यात एका संध्याकाळी जेवताना मान टाकली. यावेळी कुणाचं ऐकलं नाही, 108 ला फोन केला, सव्वा दोन तासांत आम्ही स्कॅनच्या टेबलावर होतो. मला वाटलं यावेळी वेळेत आलोय, इंजेक्शन मिळेल. बीपी होतं 210 आणि स्कॅनमध्ये रक्तस्राव होता. ते इंजेक्शन रक्तस्रावात देताच येत नाही. त्या दिवसापासून हे पायावर उभे राहिलेले नाहीत.

बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळं आलं, बरं झालं म्हणून नाही. हे मला गॅरेजमधल्या पोरानं एका वाक्यात सांगितलं, काकी, उतारावर ट्रॅक्टर हँडब्रेकवर थांबलाय, थांबलाय म्हणून हँडब्रेक काढतो का आपण. इतकं सोपं आहे, आणि फाइलच्या चाळीस पानांत ते कुठंच नव्हतं.

आमची मुलगी नर्सिंगला आहे, पहिल्या अटॅकच्या वेळी ती पहिल्या वर्षाला होस्टेलवर होती. तिनं मला गडचिरोलीतल्या ‘सर्च’चा, म्हणजे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेचा एक अभ्यास वाचून दाखवला. 2011 ते 2013 अशी दोन वर्षं त्यांनी 86 गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली, 1599 माणसं वारली, त्यातली 229 लकव्यानं, आणि एवढे मृत्यू दुसऱ्या कुठल्याच एका कारणानं झाले नव्हते. मला वाटायचं हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार. त्या 229 मधली शंभरातली 87 माणसं घरीच गेली. आणि जवळजवळ निम्मी पहिल्या महिन्यात गेली, म्हणजे बाकीची निम्म्याहून जास्त माणसं पहिला महिना काढून नंतर गेली. हे नंतरचं कोण बघतं? दवाखान्याच्या रजिस्टरला पेशंट सुधारून घरी गेला अशी नोंद असते. आमचीही तशीच आहे.

दुसरा एक अभ्यास देशातल्या 14 दवाखान्यांतला, 1250 पेशंटचा, 2017 साली छापून आलेला. अर्ध्या पेशंटच्या घरच्यांना व्यायाम घ्यायचं ट्रेनिंग दिलं, अर्ध्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. सहा महिन्यांनी दोन्हीकडं शंभरातले 47 एकतर वारलेले किंवा दुसऱ्याच्या आधारावर, दोन्हीकडं सारखेच. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, कारण माझी समजूत होती की आम्हाला नीट शिकवलं असतं तर हे चालले असते. मुलगी म्हणाली आई, तू कमी पडलीस असं त्यात नाही लिहिलंय, फिजिओचं काम तुझ्या एकटीवर टाकून भागत नाही असं लिहिलंय. गिळायचं, कूस बदलायचं, गोळीचं घरच्यांना शिकवाच, त्यानं माणूस जगतो. पण चालता यायला शिकलेला माणूस लागतो आणि तो तालुक्याला लागतो. 70 किलोमीटरवर लुळा पेशंट जीपमध्ये घालून आठवड्याला तीनदा कोण नेणार.

म्हणून आमच्या मागण्या आहेत त्या काही फार मोठ्या नाहीत. डिस्चार्जच्या फाइलला वर एक पान मराठीत लावा, प्रत्येक गोळीसमोर ती कशाची आहे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही हे मोठ्या अक्षरात लिहा. घरी सोडायच्या आधी सिस्टरसमोर घरच्या माणसाकडून एकदा पाणी पाजून घ्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवार आणि शुक्रवार असा दोन दिवस जरी फिजिओ बसला तरी आमच्यासारख्या कितीतरी घरांचं काम होईल. आणि गावातल्या आशाताईंकडं लकव्याच्या पेशंटची यादी असू द्या, महिन्यातून एकदा त्या येऊन बीपी मोजून गेल्या आणि गोळ्यांचा डबा उघडून बघितला तर बंद केलेली गोळी त्यांना दिसेल. बाळंतिणीच्या घरी त्या जातातच की.

वाचकांनाही एक सांगायचंय. उपकेंद्रात सीएचओ मॅडम, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकारी, बीपी आणि शुगर तपासतात, फुकट, आणि बीपीच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, आम्हाला हे माहीत असतं तर त्या महिन्यात पैशाची ओढाताण झाली म्हणून गोळी थांबली नसती. मीठ दिवसाला माणशी एक छोटा चमचा, 5 ग्रॅम, त्यात पापड लोणचं फरसाण सगळं आलं. तंबाखू आणि आमच्या बायकांची मशेरी दोन्ही लकव्याच्या कारणांत येतात, मी स्वतः वीस वर्षं मशेरी लावत होते ती सोडलीय. तोंड वाकडं झालं आणि दहा मिनिटांत परत सरळ झालं तर बरं झालं म्हणून घरी बसू नका, तो पुढच्या मोठ्या अटॅकचा इशारा असू शकतो आणि तो एक-दोन दिवसांतच येऊ शकतो.

मिस्टरांचं बीपी आता मी घरीच मोजते आणि कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवते. आज सकाळी 128/78 आलं. गोळी दिली.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक वाचक